स्टार्ट म्हणजे दचकणे

इंग्रजीत 'सुरू करणे' या अर्थाचे जेवढे शब्द मला येतात तेवढे माझ्या ऑफिसात कुणाला येत नसावेत. स्टार्ट, बिगिन, कमेन्स, इनिशिएट, लाँच, ओपन, किक ऑफ, इनॉगरेट, एम्बार्क, अंडरटेक. भाषेची आवड वगैरे नंतर आली, आधी होती ती निव्वळ गरज. मी तोतरा आहे. तोतऱ्या माणसाला एकाच अर्थाचे चार शब्द खिशात ठेवावे लागतात, कारण त्यातला कुठला शब्द कुठल्या दिवशी तोंडातून बाहेर पडायला तयार होईल याचा नेम नसतो.

ज्यांचा या गोष्टीशी जवळून संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हिंदी सिनेमातला तोतरा 'म-म-मला' असं करतो आणि थिएटर हसतं. पण अक्षर पुन्हा पुन्हा येणं हा एक प्रकार झाला. दुसऱ्यात ते रबरासारखं लांबतं. तिसऱ्यात काहीच होत नाही. ओठ मिटलेले, छातीत हवा भरलेली, शब्द डोक्यात लख्ख दिसतोय आणि आवाज नाही. याला ब्लॉक म्हणतात. माझा प्रकार मुख्यतः हा. आणि तिन्ही प्रकारांत गंमत अशी, की अडतं ते बहुतेक वेळा सुरुवातीला. 'पाणी'तला 'णी' माझ्या आयुष्यात कधी अडलेला नाही. अडतो तो 'पा'. एकदा तो निसटला की उरलेलं वाक्य तुमच्यासारखंच येतं, कधी कधी तर जरा जास्तच वेगानं, कारण मागे पोलीस लागल्यासारखं वाटत असतं.

सगळ्यांबरोबर बोलताना मात्र मी अडत नाही. हे माझं एकट्याचं नाही, बहुतेक तोतऱ्यांचं असंच असतं. गाताना नाही, कोरसमध्ये नाही. गणपतीत आमच्या गल्लीतल्या सगळ्या आरत्या मी खणखणीत म्हणायचो आणि शेजारच्या काकू दरवर्षी न चुकता आईला म्हणायच्या, "बघा, बाप्पापुढे कसा नीट बोलतो." शाळेत प्रतिज्ञाही तशीच, सगळ्यांच्या आवाजात माझा मिसळून जायचा. सातवीत ती पुढे उभं राहून सांगायची पाळी माझ्यावर आली. पुढच्यानं तुकडा म्हणायचा आणि मग सगळ्यांनी. प्रतिज्ञेचं पहिलं अक्षर 'भा'. मैदानावरच्या सगळ्या पोरांनी हात पुढे केलेले, आणि मी 'भा'वर. किती वेळ गेला माहीत नाही. मला आठवतं ते एवढंच, की पोरांचे हात दुखायला लागले आणि रांगेतून एकेक हात खाली येऊ लागला. शेवटी मागून एका बाईंनी सुरुवात करून दिली. त्यांच्या आवाजात आवाज मिसळताच मीही म्हणू लागलो, अगदी सहज.

शब्द बदलायची कला मी त्याच सुमारास शिकलो. 'पाणी द्या' ऐवजी 'एक ग्लास द्या ना'. 'बाबा' ऐवजी 'अहो'. आई यावर एकदा खूप हसली होती. इंजिनिअरिंगला सोलापुरात होतो तेव्हा शनिवारी एसटीनं घरी यायचो आणि कंडक्टरला 'बार्शी' म्हणायच्या ऐवजी 'लास्ट स्टॉप' म्हणायचो. गाडी बार्शीलाच संपायची, त्यामुळे चालून जायचं. एक दिवस गाडी पुढे जाणारी होती. लास्ट स्टॉपचं तिकीट काढलं, जास्तीचे पैसे गेले आणि बार्शीला उतरलो. कंडक्टर बघत राहिला. पण काही शब्दांना पर्याय नसतो. माझं नाव 'प'नं सुरू होतं, आणि स्वतःच्या नावाला समानार्थी शब्द नसतो. कँपस इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न 'टेल मी अबाउट योरसेल्फ', त्याचं अपेक्षित पहिलं वाक्य 'माय नेम इज', आणि तिसऱ्या शब्दानंतर खड्डा.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांपुढे मराठी माध्यमातली मुलं बुजतात असं आपण नेहमी वाचतो. मीही बुजलो. पण माझ्यासाठी इंग्रजी ही फार मोठी सोयसुद्धा निघाली. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर त्या भाषेत एकाच गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन शब्द जमा होत गेले. घरातला एक, फ्रेंच बोलणाऱ्या दरबारातला एक, आणि लॅटिन लिहिणाऱ्या पंडितांचा एक. बिगिन हा शेतकऱ्याच्या तोंडचा, कमेन्स हा दरबारातून आलेला, इनिशिएट ग्रंथातून. इंग्लंडच्या इतिहासानं बार्शीच्या एका तोतऱ्या मुलाची अशी तजवीज करून ठेवली होती. 'ब' अडला तर 'क', 'क' अडला तर स्वर. स्वर मला त्यातल्या त्यात सोपे जातात.

नोकरी पुण्यात लागली, २०१९ मध्ये. आमच्याकडे रोज सकाळी दहाला स्टँड-अप असतो. सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकानं सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, आणि कुठे अडलंय का. हा तिसरा प्रश्न जगभरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत एकाच शब्दांत विचारतात, "एनी ब्लॉकर्स?" पहिल्या दिवशी हा प्रश्न ऐकून मला एकट्यालाच हसू फुटलं. तेव्हापासून मी जवळजवळ रोज 'नो ब्लॉकर्स' असं सांगत आलो आहे, आणि त्यातल्या 'ब'वर ब्लॉक होत आलो आहे.

'आय स्टार्टेड वर्किंग ऑन' हे या सभेतलं सगळ्यांत नेहमीचं वाक्य. माझा 'स्ट' अडतो, म्हणून मी 'आय इनिशिएटेड' म्हणायचो. एक सहकारी म्हणाला, "अरे काय इनिशिएट इनिशिएट, रॉकेट सोडतोयस का?" एका वार्षिक आढाव्यात मला लेखी शेरा मिळाला, की साधं इंग्रजी वापरत जा. आणि एकदा तर क्लायंटसमोर डेमो दाखवायचा होता, स्टार्ट नाही, बिगिन नाही, लेट्स गो म्हणायला 'ल' चालला असता पण त्या दिवशी तोही रुसलेला. मी शांतपणे म्हणालो, "आय विल इनॉगरेट द डेमो नाऊ." शब्द त्या प्रसंगाला फार मोठा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तो तोंडातून तुपासारखा गेला. कॉल संपल्यावर कुणीतरी म्हणालं, "नारळ आणायचा राहिला."

लॉकडाऊनमध्ये सगळं ऑनलाइन झालं. मी ब्लॉकमध्ये गेलो की पलीकडून आवाज यायचा, "वी लॉस्ट यू. नेटवर्क इश्यू?" मी काही बोलायचो नाही. माझ्या ब्रॉडबँडवाल्याची त्या दीड वर्षात जेवढी बदनामी झाली तेवढी त्याच्या वायरीनं काही केली नव्हती.

असे शब्द वर्षानुवर्षं नुसते ओठांवर तोलत बसल्यावर कधीतरी माणूस त्यांच्या आत डोकावणारच. मी डोकावलो ते रात्री जागून, कोड बिल्ड होईपर्यंत, डिक्शनऱ्या उघडून. आणि पहिलाच शब्द बघून चकित झालो. स्टार्ट या शब्दाचा जुना अर्थ सुरू करणे असा नाहीच. तो आहे उसळणे, एकदम उडी मारणे, दचकणे. स्टार्टल हा त्याच्याच घरातला. शेक्सपिअरच्या नाटकांत माणसं 'स्टार्ट' होतात ती बहुतेक दचकून. सुरुवात हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. ससा झुडपातून उसळतो तसं. म्हणजे या शब्दाच्या पोटात शांतपणा असा कधी नव्हताच. विंडोज ९५ बाजारात आलं २४ ऑगस्ट १९९५ ला, आणि त्याच्या कोपऱ्यात हे बटण बसलं. आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये सर सांगायचे, "बंद करायला आधी स्टार्ट दाबा," आणि आम्हाला त्यात काही विचित्र वाटायचं नाही.

बिगिन जरा गूढ आहे. त्यातला 'गिन' जुन्या इंग्रजीत एकटा सापडत नाही, त्याला पुढे कुणीतरी जोडीदार लागतो. मूळ अर्थ कापून उघडणे असावा असा एक तर्क आहे. तर्कच, पण मला तो पटतो, कारण मराठीतही तेच आहे. वादाला तोंड फुटतं, युद्धाला तोंड फुटतं. आपलं उद्घाटनही मुळात उघडणंच. गळूला तोंड फुटावं तशी काही सुरुवात होते, आधी आत ठणकत असतं आणि मग एक जागा उघडते. ब्लॉक सुटतानाचं वर्णन मला याहून चांगलं करता येणार नाही.

आता माझ्या धंद्यातला शब्द. युनिक्सच्या जातीची कुठलीही सिस्टिम चालू झाली की पहिली जी प्रोसेस उठते तिला क्रमांक १ मिळतो आणि तिचं परंपरेनं चालत आलेलं नाव इनिट. बाकीच्या प्रोसेस तिच्या पोरी-नाती. एखादीचे आईबाप मधेच मेले तर त्या पोरक्या प्रोसेसला इनिट दत्तक घेते. हे इनिट म्हणजे इनिशिअल, इनिशिएट यांचंच कातरलेलं रूप. मूळ लॅटिन 'इन' म्हणजे आत आणि 'इरे' म्हणजे जाणे. आत जाणे. प्रोग्रॅम संपवायला आपण लिहितो एक्झिट, त्यात 'एक्स' म्हणजे बाहेर आणि पुन्हा तेच 'इरे'. इंग्रजी नाटकांच्या संहितेत पात्र रंगमंचावरून गेलं की नुसतं 'एक्झिट' लिहितात, ते लॅटिन क्रियापद आहे: तो बाहेर जातो. सुरुवात आणि शेवट हे एकाच क्रियापदाचे दोन उपसर्ग. आणि हे क्रियापद आपल्याला परकं नाही. संस्कृतातला 'इ' धातू, एति, म्हणजे जातो, हा त्या 'इरे'चा सख्खा चुलतभाऊ. उद् लागला की उदय, वर येणे. अधि लागला की अध्याय. उत्तरायणातलं अयन त्यातलंच. आणि 'प्र' लावून पुढे निघून गेलेला असा जो शब्द होतो तो प्रेत. इनिट, एक्झिट, उदय आणि प्रेत हे एका घरातले आहेत हे कळलं त्या रात्री मी बिल्ड फेल झालेला बघायचाही विसरलो.

बूटची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना माहीत असते. उंच बुटाला मागे ओढायला एक पट्टी असते, तो बूटस्ट्रॅप. स्वतःच्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला जमिनीवरून उचलणं, म्हणजे अशक्य गोष्ट, अशी ती जुनी थट्टा. १९५० च्या दशकात कॉम्प्युटरवाल्यांना तोच पेच पडला: प्रोग्रॅम मेमरीत आणायलाही एक प्रोग्रॅमच लागतो, मग पहिला कोण आणणार? त्यांनी त्या युक्तीला बूटस्ट्रॅप म्हटलं, पुढे त्याचं बूट झालं. आता बूट करताना कुणाला चपलांची आठवण येत नाही.

इन्सेप्शन हा शब्द मात्र मला थांबवतो. यात 'कापेरे' आहे, धरणे. घेणे, पकडणे. माझा रूममेट जर्मनीला जायचं म्हणून मॅक्सम्यूलर भवनात जर्मन शिकत होता. तो रात्री क्रियापदं पाठ करायचा. आनफांगेन, सुरू करणे. मी विचारलं, यातला 'फांगेन' काय? म्हणाला, पकडणे. आणि आपला आरंभ? आ अधिक रभ्, घट्ट धरणे. एकमेकांना न विचारता तीन भाषांना सुरुवात म्हणजे काहीतरी हातात पकडणं वाटलं. रूममेटला हे सांगितलं तर तो म्हणाला, मला उद्या परीक्षा आहे.

आणि तो नारळवाला इनॉगरेट. रोममध्ये ऑगर नावाचे पुरोहित असत. काही मोठं करायचं ठरलं की ते आकाशातल्या पक्ष्यांकडे बघत, पक्षी कुठून कुठे उडाला यावरून देवांची संमती आहे की नाही ते सांगत. असा कौल घेऊन सुरू करणं म्हणजे इनॉगरेट. ऑस्पिशस या शब्दातही पक्षी बघणं आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो त्या समारंभाचं नाव या पक्ष्यांवरून पडलंय. यात हसण्यासारखं काही नाही, कारण आपल्याकडे काय? शकुन. संस्कृतात शकुन म्हणजे आधी पक्षी, आणि मग त्या पक्ष्यानं सांगितलेलं भविष्य. शकुंतलेच्या नावात तोच पक्षी आहे. टायबरकाठचे पुरोहित आणि इकडचे ऋषी, दोघंही काम सुरू करण्यापूर्वी मान वर करून बघत होते. त्या डेमोच्या दिवशी मी खिडकीबाहेर बघायला हवं होतं. हिंजवडीत दिसली असती ती फक्त क्रेन.

मराठीत मात्र मला खरा जीव आहे तो एका साध्या क्रियापदावर. सुरू, सुरुवात हे शब्द आपण फारसी-अरबीतून घेतले. अरबी शुरूअ आणि शरीअत यांचं मूळ एकच, आणि त्या मुळाशी पाणवठ्याकडे जाणारी वाट आहे असं सांगतात. छान आहे. पण ते शब्द येण्याआधीही मराठी माणूस कामं सुरू करतच होता. कशानं? लागणे. पाऊस पडू लागला. ती रडू लागली. कामाला लाग. लागणे म्हणजे मुळात चिकटणे, स्पर्श होणे. आग लागते, ठेच लागते, चव लागते, वेड लागतं. इथे सुरुवातीला कुणी दचकत नाही, कापत नाही, पकडत नाही. दोन गोष्टी एकमेकींना टेकतात आणि काम चालू होतं. माझी आजी लॅपटॉपसुद्धा 'लाव' म्हणायची, पंखा लाव, दिवा लाव, तसं. 'तुझं ते यंत्र लाव आणि मला पंढरपूर दाखव.' इंग्रजीतल्या त्या सगळ्या शब्दांपुढे मला आजीचं हे 'लाव' जास्त हुशार वाटतं. आणि हो, 'ल' मला सहसा अडत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा स्पीच थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी पहिल्या तासाला माझी ती समानार्थी शब्दांची पेटीच काढून घेतली. म्हणाल्या, शब्द बदलून तुम्ही अडणं टाळत नाही, लपवता. जोसेफ शीहान नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, स्वतः तोतरा. त्यानं तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली: ऐकू येतं ते वरचं टोक, आणि पाण्याखाली भीती, लाज, टाळाटाळ. पेटी पाण्याखालची. मला राग आला. वीस वर्षं जमवलेली इस्टेट होती ती.

त्यांनी शिकवलं त्याला ईझी ऑनसेट म्हणतात. आवाज धक्क्यानं काढायचा नाही, आधी थोडी हवा जाऊ द्यायची आणि तिच्यावर आवाज अलगद ठेवायचा. घरी येऊन मी सवयीनं ऑनसेट शोधला. जुना अर्थ हल्ला. म्हणजे बाई मला सांगत होत्या, हल्ला कर, पण हळुवार.

आपल्याकडे ऑनसेट हा शब्द कानावर पडतो तो मे अखेरीस. हवामान खातं केरळात मान्सून आल्याचं जाहीर करतं. नेहमीची तारीख १ जून. हे ठरवतात कसं, ते मी वाचलं. ठरलेली १४ केंद्रं आहेत. १० मेनंतर त्यांतल्या किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, शिवाय वाऱ्याचे आणि ढगांचे निकष जुळले, की दुसऱ्या दिवशी ऑनसेट जाहीर करायचा. दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी पडला तो नुसता पाऊस असतो. तो सुरुवात होता की वळवाची सर, हे दुसरा दिवस उजाडल्याशिवाय कळत नाही. आमच्या बार्शीकडे मृगाच्या भरवशावर पेरलेल्यांना हे निकष वाचावे लागत नाहीत, त्यांना ते ठाऊक असतात.

हे सगळं मी एरवी लिहिलं नसतं. गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. तिची मुलगी, चिऊ, चार वर्षांची. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ताई म्हणाली, "तुझं कधी सुरू झालं रे?"

मला कळायला वेळ लागला नाही. चिऊ पंधरा दिवसांपासून शब्दाच्या सुरुवातीला अडत होती. ताईच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, मामावर गेलीये. त्या वाईट नाहीत, सहज म्हणाल्या असतील. पण ताईचा आवाज मी लहानपणापासून ओळखतो.

माझं कधी सुरू झालं? आमच्या घरात याच्या तीन गोष्टी आहेत. आईची: मी साडेतीन वर्षांचा असताना गल्लीतलं कुत्रं अंगावर आलं, मी दचकलो, आणि तेव्हापासून. बाबांची: समोरच्या टेलरमामांची मी नक्कल करायचो, ते तोतरे होते, ती सवय लागली. आजीची: मी डावखुरा होतो आणि सगळ्यांनी मिळून मला उजव्या हातानं खायला लावलं. ती स्वतः त्या 'सगळ्यांत' नव्हती असं तिचं म्हणणं. तिनं वेखंड उगाळून मधातून चाटवलं, कितीतरी महिने. वेखंडाला संस्कृतात वचा म्हणतात हे तिला माहीत नव्हतं, पण वाचेवरचं औषध हे माहीत होतं. डाव्या हाताची गोष्ट तर तिची एकटीची नाही; १९३० च्या सुमारास अमेरिकेत आयोवा विद्यापीठातले संशोधक गांभीर्यानं तेच म्हणत होते. आता ते कुणी मानत नाही. दचकल्यानं तोतरेपणा येत नाही, नक्कल केल्यानंही येत नाही. तो घराण्यात चालतो, मेंदूच्या घडणीत असतो. २०१० मध्ये पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी संबंधित काही जनुकं पहिल्यांदा सापडली. म्हणजे सासूबाई विज्ञानाच्या जास्त जवळ होत्या. हे मी ताईला लगेच सांगितलं नाही.

तिला जे सांगितलं ते असं. या वयात बरीच मुलं अडतात आणि त्यातल्या बहुतेकांचं आपोआप जातं. काहींचं राहतं. कुणाचं राहणार हे आज सांगता येत नाही. काही महिने बघ, आणि वाटलं तर त्याआधीच थेरपिस्टकडे ने, वाट बघत बसायचं कारण नाही. तिला 'हळू बोल' म्हणू नका. 'श्वास घे' म्हणू नका. तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका, कितीही माहीत असला तरी.

"मग काय करू?" ताई म्हणाली. "ती अडलीय आणि मी नुसती बघत बसू?"

"हो. तिच्याकडे बघत. मोबाइलकडे नाही."

"तुला कुणी असं केलं असतं तर बरं झालं असतं का रे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला मैदानावरच्या त्या बाई आठवल्या, ज्यांनी प्रतिज्ञा सुरू करून दिली. त्यांनी चांगल्या मनानंच केलं. त्यांनी केलं नसतं तर मी 'भा'वरून किती वेळानं सुटलो असतो, आणि तोवर किती हात वर राहिले असते, हे मी अनेक वर्षं मनात मोजत आलो आहे.

ताईनं फोन चिऊकडे दिला. तिकडे थोडी ओढाताण ऐकू आली, मग श्वास, मग 'म'. म, म, म. मी कानाला फोन लावून बसलो. माझ्याच जिभेला पुढचं अक्षर येऊन टेकलं होतं, इतकं जवळ, की ते तिच्यासाठी सोडून द्यावं असं वाटत होतं. मागून ताईचा आवाज आला नाही, ती गप्प राहिली.

"मामा," चिऊ म्हणाली, आणि मग एका दमात, कुठेही न थांबता, तिच्या शाळेतल्या एका मुलानं खडू खाल्ला आणि त्याची जीभ कशी निळी झाली आणि टीचरनी त्याला केळं दिलं आणि मलापण केळं पाहिजे होतं, हे सगळं.

मी विचारलं, खडू निळा होता का?

ती विचार करत होती.